पिक-अ-डॉग: घाईचा खेळ, पण जिंकतो वेळेवर थांबणारा

‘पिक-अ-डॉग’मध्ये कुणाची पाळीच नसते. पानं मांडून झाली, कुणीतरी ‘चला’ म्हटलं की सगळ्यांचे हात एकदम टेबलावर येतात आणि पुढचं मिनिट-दीड मिनिट फक्त पानं उचलल्याचा सपसप आवाज येत राहतो. टोर्स्टन लांड्सफोग्ट यांनी रचलेला हा पत्त्यांचा खेळ जॉली थिंकर्स या कंपनीने २०१२ साली काढला. नियम सांगायला तीन-चार मिनिटं पुरतात, डाव वीसेक मिनिटांत आटोपतो. ‘भराभर हात मारायचा खेळ’ अशी त्याची ख्याती आहे आणि ती अर्धीच खरी आहे. हात सगळ्यांचेच भराभर चालतात. डाव फिरतो तो नजरेवर, आणि त्याहून जास्त ‘थांबा’ कधी म्हणायचं यावर.

डब्यात ९६ पानं असतात. प्रत्येक पानावर एक कुत्रा, आणि त्याच्यात पाचच गोष्टी बदलतात: तो मोठा असतो किंवा लहान, रंगाने फिका किंवा गडद, हात एक किंवा दोन, डोळ्यांवर गॉगल असतो किंवा नसतो, जवळ पॉपकॉर्न असतं किंवा नसतं. (कुत्र्याला हात कसे, हा प्रश्न मुलं पहिल्याच डावात विचारतात. चित्रात तरी ते हातच आहेत.) पाच गोष्टी, प्रत्येकीचे दोन प्रकार, म्हणजे ३२ वेगवेगळे कुत्रे झाले. प्रत्येकाची तीन-तीन पानं, म्हणून ९६. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे बऱ्याच ठिकाणी कामाला येतो. खेळताना वाचावं लागत नाही, त्यामुळे अक्षरओळख नसलेलं मूल आणि चष्मा शोधत बसलेले आजोबा एकाच डावात बसू शकतात.

पत्ते नीट पिसून ३० पानं चित्र वर करून मांडायची, पाच ओळी आणि दर ओळीत सहा. प्रत्येकाला एकेक पान उपडं द्यायचं. इशारा झाला की सगळ्यांनी आपापलं पान उलटायचं आणि मांडणीतून पानं उचलून त्याच्यावर एकावर एक ठेवत जायची. उचललेलं पान आपल्या ढिगातल्या सगळ्यात वरच्या पानासारखं हुबेहूब असायला हवं, नाहीतर त्याच्यात आणि वरच्या पानात नेमका एक फरक हवा. दोन फरक चालत नाहीत. हात एकच वापरायचा, एका वेळी एकच पान उचलायचं, आणि ते ढिगावर टेकल्याशिवाय पुढच्याकडे जायचं नाही. आता आपल्याला घेता येईल असं एकही पान उरलेलं नाही असं वाटलं की ‘थांबा!’ ओरडायचं. तिथे सगळ्यांची फेरी संपते. मग तपासणी. ज्याने थांबवलं त्याच्यासाठी मांडणीत एखादं पान खरंच शिल्लक निघालं, तर त्याची त्या फेरीतली पानं जातात. इतरांचे ढीग बघायचे, ज्याच्या ढिगात चूक सापडेल त्याचीही पानं गेली. बरोबर निघालेली पानं ज्याची त्याने जपून ठेवायची, मांडणी पुन्हा ३० पानांची करायची आणि पुढची फेरी. मांडणी भरायला पानं पुरेनाशी झाली की मोजणी, ज्याच्याकडे जास्त तो जिंकला.

ऐकायला सोपं आहे. खेळताना मात्र जवळजवळ प्रत्येक नवखा माणूस एकाच ठिकाणी घसरतो, म्हणून तेवढं जवळून बघू.

समजा, तुमचं पहिलं पान आहे लहान, गडद, दोन हात, गॉगल आहे, पॉपकॉर्न नाही. यावर सहा प्रकारची पानं चालतात: तसंच दुसरं, किंवा तसंच पण मोठं, किंवा फिकं, किंवा एका हाताचं, किंवा बिनगॉगलचं, किंवा पॉपकॉर्नवालं. तुम्ही मोठं उचललं. आता वर आहे मोठा, गडद, दोन हात, गॉगल, पॉपकॉर्न नाही. मग पॉपकॉर्नवालं उचललं. वर आला मोठा, गडद, दोन हात, गॉगल आणि पॉपकॉर्न. एवढ्यात कोपऱ्यात एक लहान, गडद, एका हाताचा, गॉगलवाला, बिनपॉपकॉर्नचा कुत्रा दिसतो आणि हात आपोआप तिकडे जातो, कारण सुरुवातीच्या पानापासून डोक्यात तोच घोळत होता. पहिल्या पानाशी त्याचा एकच फरक होता. आताच्या पानाशी तीन आहेत: आकार, हात, पॉपकॉर्न. ढीग गेला. पहिलं पान आता तळाशी आहे, ते विसरायचं. तुलना दर वेळी फक्त वरच्या पानाशी. हे कळतं सगळ्यांना, पण अंगवळणी पडायला दोन-तीन डाव जातात.

यावर एक साधी सवय उपयोगी पडते. पान ढिगावर ठेवताना त्याचं वर्णन मनात एकाच क्रमाने म्हणायचं: आकार, रंग, हात, गॉगल, पॉपकॉर्न. ‘मोठा-गडद-दोन-गॉगल-आहे.’ क्रम कोणताही चालेल, पण तो बदलायचा नाही. सुरुवातीला त्याने वेग कमी होतो, मान्य. पण चुकीचं एक पान अख्खा ढीग घेऊन जातं, त्यापुढे दोन-तीन पानं कमी मिळाली तर काय बिघडलं?

दुसरी नेहमीची चूक हातांची. आकार आणि रंग नजरेत लगेच भरतात, कारण ते पूर्ण चित्रभर असतात. गॉगल चेहऱ्यावर असतो आणि आपण चेहरा आधी बघतो. पॉपकॉर्नही दिसतं. एक हात आहे की दोन, हे मात्र मुद्दाम बघावं लागतं. तपासणीत बाद होणारे ढीग बघितले तर बहुतेक वेळा ‘अरे, याला एकच हात होता’ हेच वाक्य ऐकू येतं. म्हणून वरच्या क्रमात हात मधोमध ठेवा, शेवटी ठेवलेली गोष्ट घाईत गिळली जाते.

हुबेहूब जुळणारं पान दिसलं की ते आधी उचला, त्यात डोकं चालवण्यासारखं काही नाही. त्याने तुमचं वरचं पान बदलत नाही, म्हणजे आधी ज्या पानांवर डोळा होता ती सगळी तशीच हाताशी राहतात आणि एक पान फुकट मिळतं. अशी पानं गड्डीत जास्तीत जास्त दोनच असू शकतात, तिसरं तुमच्या ढिगावर आहे. त्यानंतर एक फरक असलेल्यांपैकी कोणतं घ्यायचं, इथे थोडी दूरदृष्टी लागते. ज्या पानावर गेल्यावर पुढे आणखी दोन-तीन पानं दिसताहेत ते घ्यावं, एकटंच पडलेलं कोपऱ्यातलं घेऊन स्वतःला कोंडून घेऊ नये. शिवाय इथला रस्ता दुतर्फा आहे. ज्या पानावरून तुम्ही पुढे आलात त्याचंच जुळं पान मांडणीत असेल, तर आल्या वाटेने परत जाता येतं. सरावलेले खेळाडू दोन जुळ्या पानांमध्ये ये-जा करत शांतपणे ढीग वाढवतात आणि बाकीचे टेबलभर नजर फिरवत बसतात.

आता ‘थांबा’बद्दल. खेळाचा जीव इथेच आहे.

तुमच्या वरच्या पानाला चालणारे प्रकार सहा, प्रत्येकाची पानं तीन, म्हणजे अठरा, त्यातलं एक तुमच्यापाशी. उरलेल्या ९५ पानांत तुमच्या कामाची १७. ३० पानांच्या मांडणीत सुरुवातीला सरासरी पाच ते सहा पानं तुमची असतात. पहिल्याच पानाला काहीच न मिळणं हजार वेळांत एकदासुद्धा घडायचं नाही. तेव्हा पान उलटल्याबरोबर काही दिसलं नाही तर दोष नजरेचा, मांडणीचा नव्हे. दहा पानं उरली असताना आपलं एकही नसण्याची शक्यता साधारण आठात एक, आणि पाच उरल्यावर तीनात एकाहून थोडी जास्त. प्रत्यक्षात ती याहून चढी असते, कारण आपल्या आसपासची पानं आपणच उचलून संपवलेली असतात. तरीही धडा तोच: टेबलावर दहा-बारा पानं असताना नुसत्या अंदाजाने ओरडणं म्हणजे ढीग हाताने देऊन टाकणं.

ओरडण्याआधी सहा प्रश्न विचारायचे. असंच पान आहे? आकार बदललेलं? रंग? हात? गॉगल? पॉपकॉर्न? दहा पानांवरून हे करायला सराव झाल्यावर पाच-सहा सेकंद लागतात. पण तेवढ्या वेळात दुसरा कुणीतरी दोन-तीन पानं नेतो, कदाचित तोच आधी ‘थांबा’ म्हणतो. ही ओढाताण छान जमली आहे. नियमाची एक बाजू पुष्कळांच्या लक्षात उशिरा येते: थांबवताना फक्त स्वतःकडे बघायचं असतं, इतरांना पानं आहेत की नाहीत याच्याशी तुमचा संबंध नाही. उलट समोरच्याचा हात सुसाट चालला असेल आणि तुम्ही अडकला असाल, तर ओरडायची खरी वेळ तीच. मोठी माणसं इथे भिडेपोटी थांबतात, मुलं मात्र अजिबात थांबत नाहीत.

तपासणीचा कंटाळा करू नका. ‘जाऊ दे रे, बरोबरच असेल’ सुरू झालं की दोन फेऱ्यांत हा खेळ नुसता ओरबाडाओरबाडीचा होतो आणि नीट खेळणारा मूर्ख ठरतो. सोपी रीत अशी: प्रत्येकाने आपला ढीग उजवीकडच्याला द्यायचा. त्याने तो उलटा करून जिन्याच्या पायऱ्यांसारखा पसरायचा, पहिलं पान सगळ्यात डावीकडे. मग दोन-दोन पानांच्या जोड्या बघत जायचं, पहिलं-दुसरं, दुसरं-तिसरं, तिसरं-चौथं, आणि फरक मोठ्याने म्हणायचा: ‘रंग, हात, तसंच, आकार…’ दोन शब्द एकदम आले की चूक सापडली. आठ-दहा पानांचा ढीग अर्ध्या मिनिटात होतो. थांबवणाऱ्याचं वरचं पान मात्र आधी मधे ठेवून मांडणीशी ताडून बघायचं, नाहीतर आवराआवरीत उरलेली पानं हलतात आणि मग वाद.

अधिकृत शिक्षा कडक आहे. बारा पानांच्या ढिगात अकराव्या पानाला चूक झाली तरी सगळं जातं. पक्क्या खेळाडूंसाठी हे योग्यच आहे, भीती नसेल तर काळजी कोण घेईल? पण घरात सात-आठ वर्षांचं मूल असेल तर दुसऱ्याच फेरीत डोळ्यांत पाणी येतं. त्यावर आमची शिफारस अशी की पहिल्या चुकीपर्यंतची पानं धरायची आणि तिथून पुढची टाकायची. चूक करणाऱ्याला तोटा होतोच, पण तो शून्यावर येत नाही. सगळ्यांनी मिळून डावाआधी ठरवावं, मध्ये बदललं की ‘रडीचा डाव’ ऐकून घ्यावं लागतं.

मांडणीच्या बारीकसारीक गोष्टींवर डब्यातलं पत्रक फारसं बोलत नाही. दोन पानांमध्ये बोट जाईल एवढी फट ठेवा, चिकटून मांडली तर एक उचलताना शेजारची दोन सरकतात. प्रत्येकाचा हात उठून उभं न राहता पलीकडच्या ओळीपर्यंत पोचायला हवा, नसेल पोचत तर टेबल सोडा आणि जमिनीवर गोल करून बसा. काचेच्या किंवा गुळगुळीत टेबलावर पान नखाने उचलावं लागतं आणि तिथेच कडा दुमडतात, खाली एखादी चादर किंवा जाड कापड घाला. सगळी पानं एकाच दिशेला तोंड करून मांडली तर त्या बाजूला बसलेल्याला कुत्रे सुलटे दिसतात आणि समोरच्याला उलटे, हा सरळ अन्याय आहे. वाटेल तशी, वेगवेगळ्या दिशांना फिरवून मांडा. उजेड चांगला हवा. मंद पिवळ्या दिव्याखाली फिका आणि गडद यांतला फरक कमी वाटू लागतो. अंगठ्या काढून ठेवा, नखं बघून घ्या, आणि पाण्याचा पेला टेबलावर ठेवू नका. एकाच पानावर दोन हात पडले तर ज्याचा हात खाली त्याचं पान, हे आधीच सांगून टाका.

स्वतःचा ढीग हातात धरू नये, समोर ठेवावा. हातात धरला की दुसरा हात मदतीला येतो, आणि आधीची पानं डोकावून बघायचा मोहही होतो.

तीन किंवा चार जण असले की हा खेळ सगळ्यात रंगतो. चौघांच्या डावाचा हिशेब बघा. पहिल्या फेरीला ३० आणि ४, अशी ३४ पानं लागली, गड्डीत उरली ६२. फेरीत चौघांनी मिळून २२ उचलली असं धरलं, तर पुढच्या फेरीला २२ आणि ४ म्हणजे २६ लागतात. अशा आणखी दोन फेऱ्या झाल्या की गड्डीत दहाच उरतात. म्हणजे तीन फेऱ्यांचा डाव, दम लागेल पण कंटाळा येणार नाही इतका. दोघांत फेरी लांबते आणि बरीच शांत होते, तिथे आल्या वाटेने परत जाण्याचं कसब खरं दिसतं. पाच जण झाले की हातांची गर्दी होते, ३० पानं डोळ्यांदेखत नाहीशी होतात आणि नजरेपेक्षा कोपराला महत्त्व येतं. त्याहून जास्त माणसं असतील तर आळीपाळीने खेळा, बाहेर बसलेल्यांना तपासणीचं काम द्या. एकट्यालाही सराव करता येतो: ३० पानं मांडायची, एक उलटायचं आणि अडकेपर्यंत किती निघतात ते मोजायचं. पंचवीसच्या पुढे गेलात तर छान.

लहान मुलांचं काय? आठ वर्षांच्या पुढचं मूल पूर्ण नियमांनी खेळू शकतं, आणि दहा-अकराचं असेल तर मोठ्यांना सहज हरवतं. सहा-सातच्या मुलाला पाच गोष्टी एकदम सांभाळता येत नाहीत. त्याच्यासाठी एका हाताचे सगळे कुत्रे बाजूला काढा. उरतात ४८ पानं, १६ प्रकारचे कुत्रे आणि चार फरक, आणि गंमत म्हणजे सगळ्यात चुकवणारा फरकच निघून जातो. २० पानं मांडा. पूर्ण गड्डीत शंभरात अठरा पानं आपल्याला चालतात, इथे शंभरात तीस, म्हणजे जवळजवळ तिसरं पान आपलं. मुलाचा हात सतत चालू राहतो आणि ते रमतं. दोन-तीन दिवसांनी एका हातवाले परत आणा. अगदीच लहान असेल तर लिंबूटिंबू म्हणून मोठ्या कुणाच्या जोडीला बसवा आणि त्याला ‘थांबा’ ओरडायचं काम द्या. ते काम त्याला फार आवडेल, फक्त जोडीच्या मोठ्या माणसाने मान हलवल्याशिवाय ओरडायचं नाही एवढं पटवा.

मोठ्यांना मागे ठेवण्यासाठी लोक तऱ्हेतऱ्हेचे नियम लावतात. ‘मोठ्यांनी हुबेहूब पानं घ्यायची नाहीत’ याने काही फरक पडत नाही, १७ पैकी दोनच पानं कमी होतात. डाव्या हाताने खेळायला लावलं तर वेग कमी होतो, पण नजर तेवढीच तेज राहते. सगळ्यात चांगलं म्हणजे मोठ्यांनी आपलं पान मनात दहा मोजून मग उलटायचं. तेवढ्यात मूल तीन-चार पानं घेऊन मोकळं होतं.

खेळाचा खरा दोष हाच आहे, ही तफावत भरून काढायला खेळात काहीच नाही. इथे नशीब जवळजवळ नसतं. ज्याची नजर तेज तो दहापैकी नऊ डाव जिंकतो, आणि हरणाऱ्याला ‘पानंच वाईट आली’ म्हणायची सोय राहत नाही. त्या दृष्टीने ‘डॉबल’ हा चित्रं जुळवायचा पत्त्यांचा खेळ दयाळू आहे. त्यातल्या ५५ पानांपैकी कोणत्याही दोन पानांवर एक चित्र नेमकं सारखं असतंच, त्यामुळे काही सापडणारच नाही अशी भीती नसते. ‘सेट’ या अशाच दुसऱ्या पत्त्यांच्या खेळात ८१ पानं, चार गुण आणि प्रत्येकाचे तीन प्रकार, तिथे डोकं जास्त लागतं आणि हात कमी चालतो. ‘पिक-अ-डॉग’ या दोघांच्या मधे बसतो. ‘सेट’ जड जाणाऱ्या घरात तो जास्त वेळा बाहेर निघेल, ‘डॉबल’ला कंटाळलेल्या घरातही.

कुत्रे आवडतात म्हणून कुणी घेणार असेल तर आधीच सांगतो, खेळात कुत्र्याचं असं काही नाही. ‘पिक-अ-पिग’ हा जुळा खेळ आहे, त्यात डुकरं आहेत आणि गाभा हाच. दोन्ही घ्यायची गरज नाही. चित्रं गमतीची आहेत, पण दुसऱ्या डावापासून कुत्रा दिसेनासा होतो आणि फक्त गॉगल, हात आणि पॉपकॉर्न दिसतात. पानांना प्लॅस्टिकची पाकिटं घालायचा मोह होईल. घालू नका, पाकिटातली पानं घसरतात आणि ढीग मध्येच कोसळला की तपासणी अशक्य. कोपरे झिजले तरी बिघडत नाही, कारण पानं चित्र वर करूनच मांडायची असतात.

ठेवून देताना पानं मोजा. ९५ भरली तर कोणतं हरवलंय ते पाच वाटण्यांत निघतं. आधी मोठे आणि लहान वेगळे करा, ४८-४८ हवेत. ज्या ढिगात ४७ आहेत तो घ्या आणि रंगाने विभागा, २४-२४. कमी भरलेला ढीग हातांवरून वेगळा करा, १२-१२. मग गॉगलवरून सहा-सहा, पॉपकॉर्नवरून तीन-तीन. ज्या ढिगात दोनच राहिले त्यांचा तिसरा भाऊ सोफ्याखाली आहे, आणि तो कसा दिसतो ते आता शोधणाऱ्याला सांगता येतं.